साडेचौसष्ट साल

मोटारींच्या जगात एक साल असे आहे, की ते पंचांगात नाही, कॅलेंडरात नाही आणि ज्या कंपनीने ती मोटार घडवली तिच्या हिशेबातही नाही. तरीही गेली साठ वर्षे ते लोकांच्या तोंडी टिकून आहे. ते साल म्हणजे १९६४½. फोर्ड मस्टँग या अमेरिकी गाडीचे पहिल्या काही महिन्यांतले नग संग्राहक याच सालाने ओळखतात. साहित्यावरील लेखांच्या या जागेत मोटारीचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल, आणि तो रास्तच आहे. आमचे म्हणणे इतकेच, की वाङ्मयाच्या इतिहासात आपण सालांशी जो व्यवहार करतो तो बराचसा मोटारविक्रेत्याचा व्यवहार आहे. आणि त्यात जे गळून जाते त्याचा हिशेब मोटारींच्या हौशी संग्राहकांनी आपल्यापेक्षा अधिक चोख ठेवला आहे.

आधी त्या गाडीची हकिकत. मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न येथील कारखान्यात ९ मार्च १९६४ रोजी मस्टँगचे उत्पादन सुरू झाले आणि १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलर. त्या एका दिवसात सुमारे २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली असे सांगतात. अमेरिकी मोटारधंद्याचा रिवाज असा, की येत्या सालाचे मॉडेल आदल्या वर्षाच्या शरदात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, बाजारात येते. एप्रिल हा या रिवाजात कोठेच न बसणारा महिना. चौसष्टचा हंगाम अर्धा सरलेला, पासष्टचा सुरू व्हायला पाच महिने अवकाश. कंपनीने सरळ पुढचे साल लावून टाकले. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मस्टँगच्या क्रमांकाचा पहिला आकडा ५ आहे, म्हणजे १९६५. गंमत अशी, की आदल्याच वर्षी आपल्या इतर गाड्यांच्या जाहिरातींत १९६३½ असे अर्धे साल याच कंपनीने हौसेने मिरवले होते. म्हणजे अर्ध्याचे वावडे नव्हते. विक्रीला जे सोयीचे ते साल खरे, एवढाच नियम होता.

मग ऑगस्ट १९६४ च्या मध्याला नेहमीचा हंगामी बदल झाला. जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आला, लहान इंजिने जाऊन मोठी आली, बॉनेटच्या कडेसारख्या बारीक गोष्टी पालटल्या. क्रमांकाचा पहिला आकडा मात्र तोच राहिला. कंपनीच्या लेखी काहीच घडले नव्हते. पण ज्यांच्या हाती त्या गाड्या होत्या त्यांना दिसत होते, की आधीच्या सुमारे १ लाख २१ हजार गाड्या निराळ्या आहेत, आणि त्यांना नाव हवे. ते त्यांनी दिले. (मस्टँग ही खरी स्पोर्ट्स कारच नव्हे, फाल्कन नावाच्या साध्या घरगुती गाडीच्या सांगाड्यावर चढवलेला तो देखणा अंगरखा आहे, असे म्हणणारे शुद्धतावादी त्या गोटातही आहेत. दीर्घकथा कोठे संपते आणि लघुकादंबरी कोठे सुरू होते, या आपल्याकडच्या वादाइतकाच तो वाद फलदायी असावा.)

अर्धे साल ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. इंग्रजीत ज्यासाठी आकड्यापुढे अपूर्णांक लिहावा लागतो ते आपण ‘साडे’ या एका शब्दात उरकतो. साडेतीन मुहूर्त तर आपल्या रक्तात भिनलेले आहेत. त्यांतला गुढीपाडवा शकाचे नवे साल घेऊन येतो, आणि प्रचलित गणनेत जो अर्धा मुहूर्त समजला जातो ती बलिप्रतिपदा व्यापाऱ्यांच्या नव्या वह्यांचा दिवस असते. म्हणजे पंचांगाचे साल चैत्रात आणि दुकानाचे कार्तिकात. डेट्रॉइटच्या कारखानदारांनी पुढचे साल शरदात विकायला काढले, त्यात आपल्या पेढीवरच्या शेटजींना नवल वाटले नसते.

आणि आपले वाङ्मयीन सालही दुकानाच्याच सालाबरोबर उजाडते, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखनाचा हंगाम शरदात येतो. कथा दिवाळीसाठी लिहिली जाते, कविता दिवाळीसाठी राखून ठेवली जाते, आणि जे दिवाळीला चुकले ते पुढच्या दिवाळीपर्यंत थांबते. यात वाईट काही नाही. या हंगामाने मराठी कथेला जे दिले ते थोडे नाही. पण हंगामाचे साल म्हणजे लेखनाचे साल असा समज होऊ लागला, की घोटाळा सुरू होतो.

मस्टँगचे संग्राहक हा घोटाळा कसा सोडवतात, ते आमच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. ते क्रमांकावर विश्वास टाकून थांबत नाहीत. गाडीचे अंग वाचतात. ओतीव भागावर ‘४ सी १२’ अशी खूण असली, तर तो भाग चौसष्ट सालच्या तिसऱ्या महिन्याच्या बाराव्या दिवशी ओतला गेला. भागाच्या क्रमांकाची सुरुवात ‘सी ४’ अशी असली, तर त्याचा आराखडा साठच्या दशकातल्या चौथ्या सालाचा. दाराच्या पट्टीवर जुळणीची तारीख वेगळी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत उभ्या राहिलेल्या माणसाला यात अवघड असे काही वाटणार नाही. एकाच गाडीच्या अंगावर आराखड्याचे साल, ओतकामाची तारीख, जुळणीची तारीख आणि विक्रीचे साल अशी चार साले नांदतात, आणि ती एकमेकांशी भांडत नाहीत. भांडण लावतो तो त्यांतले एकच खरे मानणारा वाचक.

हे पाठचिकित्सेचेच शास्त्र नव्हे काय? ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे साल आहे. आपल्या घरी जी पोथी आहे तिच्यामागे मात्र एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेले शोधन उभे आहे. या दोहोंत जवळजवळ तीनशे वर्षांचे अंतर. वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि तिच्या भाषेवरून जो वाद झाला तो मुळात याच प्रश्नाचा होता: कोणता भाग कधी ओतलेला? आपल्या विद्यापीठांत हा वाद एका स्वतंत्र पेपरात कोंडून ठेवला आहे, आणि आधुनिक वाङ्मय शिकवताना तो पेपर जणू अस्तित्वातच नाही. आधुनिक पुस्तकाला पहिल्या पानामागे छापलेले साल असते, एवढ्यावर आपण निर्धास्त होतो.

आता नेसरीकडे येऊ. गडहिंग्लज तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते प्रतापराव गुजरांमुळे. उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला त्यांनी सोडून दिले, महाराजांनी कठोर शब्द ऐकवले, आणि तोच खान पुन्हा चालून येताच सरनोबत मूठभर स्वारांनिशी त्याच्या फौजेवर धावून गेले. तिथी माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र, शके १५९५. इंग्रजी तारीख २४ फेब्रुवारी १६७४. पण हे ‘इंग्रजी’ साल त्या वेळच्या इंग्रजांचे नव्हे. त्यांचे नवे साल २५ मार्चला लागे. तोवर १६७३ च चालू. त्यामुळे जानेवारी ते मार्च या काळातल्या कागदांवर सावध कारकून १६७३/४ असा जोडआकडा लिहीत. डिअरबॉर्नच्या १९६४½ चा हा तीनशे वर्षे आधीचा भाऊबंद. शिवाय मराठी कागदांतला सुहूर सन मृगाला बदलणारा, त्यामुळे त्याच्याही हिशेबाने साल अजून अर्धेच होते. आणि २४ फेब्रुवारी ही तारीखही जुन्या, जुलियन गणनेची. आज भिंतीवर जे कॅलेंडर आहे त्याप्रमाणे तो दिवस ६ मार्च येतो. एका घटनेला इतकी साले असूनही तिचा अर्थ जराही पातळ होत नाही. उलट कोण, कोठून, कोणत्या दप्तरातून बोलतो आहे ते कळते.

पण नेसरीचा खरा धडा पुढेच आहे. मुंबईकर इंग्रजांना नारायण शेणवी याने जे पत्र पाठवले त्यात प्रतापराव आणि आणखी सहा स्वार दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत मारले गेले, बाकी फौज मागे राहिली, असा मजकूर आहे. एका परक्या कचेरीसाठी लिहिलेली ती कोरडी बातमी. त्या बातमीतला आकडा आपल्या सर्वांच्या मनात घुमतो आहे तो मात्र कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे, आणि त्याहूनही हृदयनाथ मंगेशकरांची चाल व लताबाईंचा स्वर यांमुळे. घटना सतराव्या शतकातली. आपण जिला ओळखतो ती विसाव्यातली. त्या सहा जणांची नावे म्हणून जी यादी आज भाषणांतून ऐकू येते, ती शेणवीच्या पत्रात नाही. २०२२ साली या विषयावरच्या चित्रपटाची घोषणा झाली तेव्हा जो गदारोळ उठला, त्यात दोन्ही बाजूंचे लोक एकाच सालाबद्दल बोलत आहेत असे समजून तावातावाने बोलत होते. प्रत्यक्षात एक पक्ष १६७४ बद्दल बोलत होता आणि दुसरा गाण्याबद्दल. खिंडीतल्या स्मारकाजवळ विद्यार्थ्यांना नेऊन ही दोन साले वेगळी करून दाखवणारा मराठीचा अध्यापक गडहिंग्लज परिसरात असेल, तर त्याच्या वर्गात बसायला आम्हाला आवडेल. कवितेची किंमत त्याने घटत नाही. पत्रातल्या एका आकड्यातून कवीने काय उभे केले, ते उलट तेव्हाच दिसते.

(जाता जाता: मस्टँग हा शब्द स्पॅनिश ‘मेस्तेन्यो’वरून आला, अर्थ मोकाट, धनी नसलेले जनावर. हजारो मैल दूरच्या त्या कारखान्याला घोड्याचेच नाव सुचावे आणि आपल्या आकुर्डीच्या कारखान्यालाही १९७२ साली स्कूटरसाठी ‘चेतक’च आठवावा, यात यंत्रयुगाची कसली खंत दडली आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

वाङ्मयाकडे वळून तीन उदाहरणे घेऊ. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा, मृत्यू ३ डिसेंबर १९५१ चा. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली, त्यांच्या पश्चात, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाली. विक्रीचे साल १९५२. म्हणून कालानुक्रमे रचलेल्या यादीत त्या मर्ढेकरांच्या ‘काही कविता’नंतर पाच वर्षांनी उभ्या राहतात, आणि विद्यार्थी त्यांच्याकडे नवकाव्याला फुटलेली एक गोड, निरागस पळवाट म्हणून पाहतो. आम्ही अशा उत्तरपत्रिका वाचल्या आहेत. जात्यावर, शेतात, चुलीपुढे कित्येक दशके जी रचना घडत होती, तिला छापखान्याने जे साल दिले त्यावरून तिचे ‘कशानंतर’ आणि ‘कशाविरुद्ध’ ठरवले जाते. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिचे स्थान अक्षरजुळणीच्या तारखेवरून ठरावे, यापरता अन्याय तो कोणता?

केशवसुतांचे तसेच. ते १९०५ साली गेले; हरिभाऊ आपट्यांनी त्यांची कविता पुस्तकरूपाने आणली ती १९१७ साली. म्हणजे पुस्तक हाती येण्यापूर्वीच त्यांच्यामागून आलेल्यांची एक पिढी लिहिती झाली होती. आधुनिक कवितेचे जनकत्व त्यांच्याकडे आहे खरे, पण त्या जनकाचे पुस्तक मुलांच्या पुस्तकांच्या गर्दीत निघाले, ही गोष्ट कितीजण वर्गात सांगतात?

तिसरे उदाहरण अरुण कोलटकरांचे, आणि ते सर्वांत बोलके आहे. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हे पुस्तक १९७७ चे. त्यातल्या कवितांची ओतकामाची तारीख पाहू गेल्यास पार पन्नासच्या दशकापर्यंत मागे जावे लागते. या एका पुस्तकाला सत्तरच्या दशकातले म्हणायचे, लघुअनियतकालिकांच्या चळवळीतले म्हणायचे, की मर्ढेकरांच्या हयातीत सुरू झालेले म्हणायचे? तिन्ही खरे. त्यानंतर त्यांचे मराठी पुस्तक आले ते २००३ साली. मधल्या सव्वीस वर्षांत आपल्या इतिहासग्रंथांना कोलटकर हे जवळजवळ संपलेले प्रकरण वाटत होते. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या गाडीच्या इतिहासात १९८३ हे साल असेच कोरे आहे. नव्या रूपाची गाडी तयार होत होती, चाचणीसाठी ४३ गाड्या बांधल्याही गेल्या, पण विक्रीला आली ती ८४ चे साल लावून. त्या ४३ पैकी आज एकच उरली आहे आणि ती केंटकीतल्या बोलिंग ग्रीन येथील संग्रहालयात आहे. पत्रकावर साल रिकामे. कारखान्यात मात्र काम जोरात. कवीच्या मौनाबद्दल लिहिणाऱ्या समीक्षकांनी ती एकुलती गाडी एकदा पाहून यावी.

‘साठोत्तरी’ आणि ‘नव्वदोत्तरी’ या शब्दांवर आमचा राग आहे तो यामुळे. हे शब्द वाङ्मयीन जाणिवेची नावे म्हणून जन्मले. आज ते क्रमांकाचा पहिला आकडा झाले आहेत. १९६३ साली ‘कोसला’ आली आणि त्याच साली बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हेही. पहिला आकडा दोघांचा एकच. पण कोणत्या अनुभवाच्या भट्टीत, कोणत्या भाषेच्या साच्यात ती ओतली गेली हे पाहिले, तर त्यांना एका मॉडेलची दोन रूपे म्हणणे केवळ आळसाचे आहे. आणि ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलने’चे काय करायचे? १८८२ चे ते पुस्तक विस्मरणात गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा स्त्रीवादी वाचनाच्या ऐन हंगामात नव्याने वाचले गेले. परिणामाच्या दृष्टीने ते साठोत्तरी पुस्तक आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही हसणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. शिकवायचे म्हणजे कालखंड पाडावेच लागतात. चार-चार साले सांगत बसलो तर अभ्यासक्रम पुरा कधी व्हायचा? हे बोलणाऱ्या अध्यापकाची अडचण आम्हाला ठाऊक आहे. सत्रपद्धतीत पंधरा आठवड्यांत एक शतक उरकावे लागते. शिवाय कालखंड नुसते सोयीचे नसतात. लेखकही त्यांच्यात स्वतःला पाहतात, त्यांच्यासाठी वा त्यांच्याविरुद्ध लिहितात. ‘साठोत्तरी’ म्हणवून घेण्यात एक उमेद होती. ते नाव पुसून टाका असे आम्ही म्हणत नाही. फोर्डचा ५ आकडा कोणत्याही संग्राहकाने पट्टीवरून घासून काढलेला नाही. त्याने शेजारी दुसरी नोंद केली, एवढेच.

सालाची गरजच नसलेली मोटार कशी असते, तेही आपल्याकडे पाहून झाले आहे. मस्टँग निघाली त्याच १९६४ साली मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट निघू लागली. तिथे मस्टँग दर शरदात कात टाकत राहिली. इथे परवाना-पद्धतीच्या कृपेने डिलाइटची प्रेसिडेंट झाली, प्रेसिडेंटची पद्मिनी झाली, नावे पालटली पण अंगाने ती तीच राहून शतकाच्या अखेरीला पोचली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. कायद्याने तिचे वय वीस; आराखड्याचे वय साठीला टेकलेले. आपल्या कवितेत अशा पद्मिन्या किती आहेत, कालच्या दिवाळी अंकात नोंदलेल्या आणि १९६४ च्या सांगाड्यावर धावणाऱ्या, हे वाचकांनी स्वतःच पाहावे. नुसत्या नोंदणीच्या सालावर त्यांना ‘समकालीन’ हे विशेषण बहाल होते, ही उलट्या बाजूची चूक, आणि ती आपण अधिक प्रेमाने करतो.

म्हणून आमची सूचना अगदी साधी, कारकुनी म्हणावी अशी आहे. अभ्यासक्रमाच्या यादीत पुस्तकापुढे कंसात एक साल असते. तिथे दोन असावीत. पहिले लेखन केव्हापासून केव्हापर्यंत चालले त्याचे, दुसरे पुस्तकाचे. जिथे नियतकालिकातल्या प्रसिद्धीची तारीख हाती असेल तिथे तीही. मर्ढेकरांपुढे लिहिणे सोपे जाईल. बहिणाबाईंपुढे पहिले साल लिहिताना हात अडखळेल आणि शेवटी ‘सुमारे’ हा शब्द वापरावा लागेल. तो वापरताना विद्यार्थी ‘का’ असे विचारील, आणि निदान त्या तासाला तरी छापखान्याआधीच्या बाईबद्दल बोलणे होईल. एखाद्या पदव्युत्तर विभागाने पुढच्या सत्रात एका पेपरापुरते हे करून पाहावे. खर्च काही नाही. फक्त टंकलेखकाला कंसात थोडी जास्त जागा सोडायला सांगावी लागेल.